अठ्ठेचाळीसास एक

जहाज कंपनीच्या कचेरीत शिरल्या शिरल्या समोर काचेची लांबट पेटी दिसते आणि तिच्यात कंपनीच्या एखाद्या नावाजलेल्या जहाजाचं मॉडेल. बॅलार्ड इस्टेटच्या बाजूला ज्यांच्या नोकरीची वर्षं गेली, त्यांना हे दृश्य सवयीचं. येता-जाता नजर टाकायची आणि लिफ्टकडे वळायचं, एवढाच बहुतेकांचा त्याच्याशी संबंध. पण पाच मिनिटं थांबून पाहिलं, तर एक गोष्ट जाणवते. नांगर आहे, साखळी आहे, जीवरक्षक होड्या जागच्या जागी टांगलेल्या आहेत, ब्रिजवर खिडक्यांची रांग आहे, खालच्या डेकवर उतरणारी अरुंद शिडीसुद्धा आहे. माणूस मात्र कुठेच नाही. हे चुकून झालेलं नसतं. गोदीने किंवा कंपनीने करवून घेतलेल्या मॉडेलवर सहसा माणसं ठेवत नाहीत, असा जुना रिवाज आहे. जहाज जसं बांधलं तसं दाखवायचं, त्यात प्रसंग रंगवायचा नाही.

आणि तरीही त्या रिकाम्या डेकवरची एकूण एक वस्तू माणसाच्या मापाची असते. शिडीच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर माणसाच्या पावलाचं, दाराची उंची त्याच्या डोक्याची, कठडा त्याच्या कमरेच्या वर येणारा. कंपनीचं मॉडेल मी पाहतो ते यासाठी. ते किती देखणं आहे यापेक्षा, तिथे राबलेल्या माणसाला त्यात आपली जागा सापडेल का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मापाची गोष्ट थोडी सांगायला हवी. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून आरमाराच्या जहाजांची जी मॉडेल्स होत आली, त्यांचं रूढ प्रमाण पाव इंचाला एक फूट, म्हणजे अठ्ठेचाळीसास एक. पुढे आगबोटींच्या काळात मोठमोठ्या प्रवासी कंपन्यांनीही तेच प्रमाण उचललं. या हिशेबाने साडेपाच फुटी माणूस दीड इंचाच्या आतच मावतो. हल्लीची जहाजं इतकी वाढली आहेत, की पाव इंचाचं प्रमाण धरलं तर मॉडेल ठेवायला दालनच पुरायचं नाही. २०२१च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात आडवं होऊन सहा दिवस जगाचा व्यापार अडवून बसलेलं ‘एव्हर गिव्हन’ ४०० मीटर लांब आहे. शंभरास एक या प्रमाणात ते चार मीटर भरेल, दोनशेस एक धरलं तर दोन मीटर. म्हणून आज बहुतेक मागण्या याच दोन प्रमाणांत येतात.

प्रमाण लहान झालं की कारागिराची खरी परीक्षा कठड्यावर होते. जहाजावरचा कठडा किमान एक मीटर उंच असावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. दोनशेस एक या प्रमाणात ही उंची होते पाच मिलिमीटर, आणि तीन सेंटिमीटर जाडीचा नळ उरतो ०.१५ मिलिमीटर. एवढी बारीक तार सरळ ताणून बसवणं अवघड, म्हणून काही जण जरा जाड तार वापरून वेळ मारून नेतात. तिथेच सगळं बिघडतं. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण समोरची वस्तू त्याला खेळणं वाटायला लागते. डोळा नकळत कठड्यावरूनच जहाजाचा आकार मोजत असतो. चांगला कारागीर हे भाग पितळेच्या पातळ पत्र्यावर आम्लाने कोरून काढतो, साफ करतो, चिमट्याने धरून डेकच्या कडेला बसवतो. एका मोठ्या जहाजाला असा कठडा मीटरच्या मीटर लागतो. त्यातला एक खांब तिरका गेला तर पूर्ण ओळ काढावी लागते.

सांगाडा घडवण्याची जुनी रीत मला फार आवडते. पिवळ्या पाइनच्या फळ्या घ्यायच्या, जहाजाच्या नकाशातल्या एकेका आडव्या छेदाप्रमाणे कापायच्या आणि चपात्यांच्या चळतीसारख्या एकावर एक चिकटवायच्या. मग कडांना पायऱ्या पायऱ्या दिसतात. त्या रंध्याने आणि पटाशीने उतरवत न्यायच्या, दर काही इंचांवर पत्र्याचा साचा लावून पाहायचा. हाताखाली नाळेचा बाक हळूहळू तयार होतो. आता फोमच्या ठोकळ्यावर संगणकाने चालणारं यंत्र हेच काम करतं, वरचा भाग लेझरने कापलेल्या प्लास्टिकचा असतो, क्रेन, विंच, बोलार्ड रेझिनच्या थ्रीडी छपाईतून येतात. यात कमीपणा काही नाही. यंत्राने कापलेला भागही शेवटी कुणीतरी घासतो, जोडतो, उजेडात धरून पाहतो. जुन्या कारागिरांनाही सोन्याचांदीचा मुलामा दिलेले धातूचे भाग वापरायची मुभा होतीच. त्या काळच्या कंपन्यांच्या मॉडेलवर नांगर, विंच, होड्यांचे हुक लखलखताना दिसतात. खऱ्या जहाजावर ते गंजाला तोंड देत रंगाच्या थरांखाली असायचे.

रंगाचंही असंच. कंपनी आपल्या धुराड्याचा रंग क्रमांकासह कळवते आणि त्यात तसूभर फरक चालवून घेत नाही. समुद्रावर लांबून येणारं जहाज कुणाचं, हे एकेकाळी धुराड्याच्या रंगावरून ओळखत. तेव्हा हा आग्रह रास्तच आहे. पण डब्यातला रंग जसाच्या तसा दोन मीटरच्या मॉडेलला फासला तर तो जड आणि काळपट दिसतो, कारण खरं जहाज आपण अंतरावरून, मधल्या हवेतून पाहिलेलं असतं. जाणता कारागीर रंग किंचित फिका करतो आणि चमक मारतो. तेव्हा कुठे तो कंपनीचा रंग वाटतो. अचूकपणासाठी मापापासून थोडं सरकावं लागतं, ही गोष्ट शिकायला वर्षं जातात.

कंटेनरवाहू जहाजांच्या मॉडेलवर मात्र माझा एक आक्षेप आहे. कंपनीला वाटतं, डेकवर रचलेले सगळे कंटेनर आपल्याच रंगाचे, आपल्याच नावाचे असावेत. प्रत्यक्षात अशा जहाजावर अनेक कंपन्यांचे डबे एकत्र जातात. लाल, निळे, हिरवे, गंजके, पोचे आलेले. ती सरमिसळ हाच या धंद्याचा चेहरा आहे. एकाच रंगाची भिंत उभी केली की जहाजाची जाहिरात होते. मागणी देणाऱ्याला हे सौम्यपणे सांगायची हिंमत कारागिरात असावी, आणि ऐकून घ्यायचा मोठेपणा कंपनीत.

कारण ते मॉडेल पाहायला कोण कोण येतं? कप्तान येतो आणि ब्रिजकडे पाहतो. इंजिनीअर धुराड्याकडे पाहतो, मग वाकून मागचा पंखा किती पात्यांचा आहे ते मोजतो. समुद्रावर असताना जहाजाचा निम्मा देह पाण्याखाली असतो. तळाचा लाल रंग, नाळेखालचा फुगवटा, सुकाणू, पंखा हे सुक्या गोदीत काम करणाऱ्यांशिवाय कुणाच्या दृष्टीस पडत नाही. ज्या जहाजावर वीस वर्षं काढली ते पूर्ण असं माणूस पहिल्यांदा पाहतो, ते पुष्कळदा कचेरीतल्या काचेपलीकडे.

आणि खलाशी? पी अँड ओसारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर डेकची कामं करणारे बरेच जण रत्नागिरीकडचे आणि कच्छ-काठियावाडचे असत, भट्टीपुढे कोळसा ओढणारे पंजाबकडचे आणि जेवणघरात, केबिनींत राबणारे गोव्याचे. सारंग, टिंडल, टोपस ही त्यांच्या हुद्द्यांची नावं. धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहांत, पुढच्या जहाजाची वाट पाहत थांबलेले गोंयकार आणि गावच्या मशिदीला, देवळाला जहाजावरच्या कमाईतून घसघशीत देणगी पाठवणारे कोकणातले खलाशी, या माणसांनी ती जहाजं चालवली. त्यांची नावं मॉडेलखालच्या पितळी पट्टीवर नसतात. तिथे जहाजाचं नाव, लांबी, रुंदी, बांधणाऱ्या गोदीचं नाव आणि साल असतं. पण डेकवरचं विंच जर बरोबर जागी असेल, तर त्या विंचपाशी दोरखंड गुंडाळत उभ्या राहिलेल्या माणसाचा नातू बोट दाखवून सांगू शकतो, आमचे आजोबा इथे काम करायचे. विंच चुकलं तर तेवढंही राहत नाही. कारागिराने तासन्‌तास घालून बसवलेल्या त्या बारीकसारीक वस्तूंकडे मी याच नजरेने पाहतो.

इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनमध्ये बॅसेट-लोक नावाचं कारखानदारी घराणं होतं. आगगाड्यांच्या मॉडेलसाठी ते प्रसिद्ध, पण जहाज कंपन्यांसाठीही त्यांनी पुष्कळ काम केलं. त्यांच्या कारागिरांनी पुढे दुसऱ्या महायुद्धात शत्रूची जहाजं ओळखायला शिकवणारी बाराशेस एक प्रमाणाची इवली मॉडेल्स बनवली. शंभर फुटांचं जहाज त्यात एका इंचात बसायचं. तिथे चूक झाली असती तर तिची किंमत कुणीतरी जिवाने मोजली असती. याहून वेगळ्या कामासाठी विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनीअराने १८७२च्या सुमारास टॉर्कीला लांब टाकी बांधून मेणाची मॉडेल्स पाण्यातून ओढली आणि जहाजाला पाण्याचा किती विरोध होतो ते मोजलं. तेव्हापासून जहाजाच्या मॉडेलचे दोन मार्ग झाले. एक पाण्याला प्रश्न विचारणारं, दुसरं काचेत उभं राहून उत्तर देणारं.

काचेतलं मॉडेल काय उत्तर देईल, हे मात्र मागणी देणारा ठरवतो. याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. क्युनार्ड कंपनीच्या दोन बहिणी, ‘लुसिटानिया’ आणि ‘मॉरेटानिया’. दोघी १९०६ साली पाण्यात उतरल्या आणि १९०७ला प्रवासाला लागल्या. मॉरेटानियाने तर अटलांटिक ओलांडण्याचा वेगाचा मान १९०९ ते १९२९ अशी वीस वर्षं सोडला नाही. ७ मे १९१५ रोजी आयर्लंडजवळ जर्मन पाणबुडीने लुसिटानियाला पाणतीर मारला. अठरा मिनिटांत ती बुडाली, सुमारे १,२०० माणसं गेली. कंपनीकडे लुसिटानियाचं सोळा फुटांचं मोठं मॉडेल होतं. ते मोडलं नाही. ते दुरुस्त करून मॉरेटानिया केलं. दोघींमध्ये चटकन दिसणारा फरक होता डेकवरच्या हवेच्या भोंग्यांचा. मॉरेटानियाचे भोंगे मोठे, तोंड उघडलेले. लुसिटानियाचे डबेवजा, झाकणाचे. नाव पुसून नवं घातलं की धंद्यापुरतं काम भागलं. पुढे ते मॉडेल अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडे गेलं. त्यांना जहाजांच्या मॉडेलचा मोठा षोक होता. त्यांच्याकडून ते स्मिथसोनियन संग्रहालयाला मिळालं.

कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. तिकीट विकणाऱ्या खिडकीशेजारी बुडालेलं जहाज कोण ठेवील? पण मॉरेटानिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या लाकडाच्या आत लुसिटानियाच आहे, हे कळल्यावर मला ते मॉडेल अधिक जवळचं वाटू लागलं.

मॉरेटानिया बांधली टाइन नदीकाठच्या स्वॉन हंटर अँड विगहॅम रिचर्डसन या कंपनीने. याच कंपनीने १९३६ साली आपल्या किनाऱ्यासाठी एक आगबोट बांधली. १७९ फूट लांब, २९ फूट रुंद, नाव ‘रामदास’. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्येचा सुमार. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी ती रेवसला निघाली. सणासाठी गावाला निघालेले चाकरमानी, व्यापारी, बायामुलं, सगळ्यांनी बोट भरलेली. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत ती एका अंगाला कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून कितीतरी जणांना बाहेर काढलं. महिन्याभराने देश स्वतंत्र झाला. त्या बातम्यांच्या गर्दीत रामदास मागे पडली. कोकणातल्या, अलिबाग-रेवसकडच्या घरांतून मात्र अजून तिचं नाव निघतं.

अठ्ठेचाळीसास एक या प्रमाणात रामदासचं मॉडेल पावणेचार फुटांचं होईल. दिवाणखान्यातल्या टेबलावर मावेल एवढं. मॉरेटानिया याच प्रमाणात साडेसोळा फूट. आकारातला फरक समजण्यासारखा आहे. पण मॉडेल मागणीशिवाय होत नाही, आणि मागणी देणारा त्याच जहाजाची देतो ज्याचा त्याला अभिमान आहे. त्यामुळे किनाऱ्यावरच्या साध्या बोटी, ज्यांनी कोकणातली पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं मुंबईला आणली आणि सणावाराला परत नेली, त्या यादीत खाली राहतात. रोहिणी, चंद्रावती, कोकणसेवक ही नावं घेतली की आजही जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे बंदरात थांबलेली बोट, तिच्याकडे निघालेला पडाव आणि डोक्यावरची वळकटी सांभाळत वर चढणारी माणसं उभी राहतात. बोट लागून दिवसभर पडून राहिलेल्या मावशीही आठवतात. हे सगळं आठवणीत आहे. मापात नाही. आणि आठवण सांगणारी माणसं आता भराभर कमी होताहेत. १९४७ला जी दहा वर्षांची होती, ती आज नव्वदीच्या घरात आहेत.

रामदासचं मॉडेल व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. ते कंपनीच्या अभिमानासाठी करायचं नाही, तेव्हा रिवाज मोडून त्याच्या डेकवर माणसंही ठेवावीत. दीड इंचाहून लहान, पण खच्चून भरलेली, एका कठड्याकडे दाटलेली. पावणेचार फुटी बोटीवर एवढी माणसं रचून पाहिली, की वजन कुठे सरकलं आणि तोल कसा गेला, हे शाळकरी मुलालाही कळेल. मग तेच मॉडेल उत्तरही देईल आणि प्रश्नही विचारील.

कामाला लागायचं तर पहिलं पत्र न्यूकॅसलला जायला हवं. स्वॉन हंटरचं जुनं दफ्तर तिथल्या टाइन अँड वेअर अर्काइव्हजमध्ये जपलेलं आहे. दुसरं काम इथलं, आणि ते अधिक घाईचं. नकाशा लोखंड कसं जोडलं ते सांगतो. डेकवर कापडी छत कुठवर ताणलं होतं, बायकांची बसायची जागा कुठली, कोंबड्यांच्या टोपल्या आणि आंब्याच्या पेट्या कुठे रचायच्या, पाणी प्यायला कुठे जायचं, वरच्या डेकवरून खाली उतरायला किती वेळ लागायचा, हे त्या बोटींतून गेलेलीच माणसं सांगतील. रेवस, मांडवा, धरमतर, अलिबाग इथल्या वयस्कर मंडळींकडे एखादी कॉलेजातली मुलगी वही आणि फोन घेऊन चार-सहा रविवार जाऊन आली, तरी कारागिराला पुरेल एवढी माहिती जमेल.

खर्च कुणी करायचा, असा प्रश्न निघेल. एखाद्या जहाज कंपनीने आपल्या नव्या जहाजाच्या मॉडेलची मागणी देतानाच हे दुसरं, लहान मॉडेलही मागावं. कारागीर तोच, लेझर तेच, पितळी पत्रा तोच. वाढीव खर्च मोठ्या कंपनीच्या हिशेबात कुठे दिसणारही नाही.

ठेवायचं कुठे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. संग्रहालय सुरक्षित खरं, पण तिथेही काही कायमचं नसतं. लंडनच्या सायन्स म्युझियममधलं जहाजांचं दालन १९६३ साली उघडलं आणि २०१२ साली बंद झालं. बंद करण्यापूर्वी लेझरने त्याची त्रिमितीत नोंद करून ठेवली, मॉडेल्स कोठारात गेली. रामदाससाठी मी भाऊचा धक्का सुचवीन. रेवसच्या लाँचची वाट पाहत माणसं जिथे बाकावर बसतात, तिथे, खारी हवा आत शिरणार नाही अशा घट्ट पेटीत. पट्टीवर लांबी, रुंदी, गोदीचं नाव आणि साल लिहावंच. त्याखाली ज्यांची नावं मिळतील त्या प्रवाशांची आणि खलाशांची नावं लिहावीत, आणि कोळ्यांच्या ज्या होड्या त्या सकाळी वादळात बाहेर पडल्या त्यांचीही. नावं मिळवायला वेळ लागेल. म्हणून पट्टी सुरुवातीपासूनच लांब करून घ्यावी आणि पुढची नावं कोरायला जागा मोकळी ठेवावी.